बुडबुड्यांचा नियम

विहिरीत पोहायच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज का चढला असं कुणी विचारायला नको. दर उन्हाळ्यात रविवारच्या पुरवणीत असा एक तरी लेख असतोच. पाठीला बांधलेला रिकामा डबा, काठावरून टाकलेली उडी, वर येऊन मीठ लावून खाल्लेली कैरी. ती विहीर कुणाची होती आणि तिच्यात कुणाला उतरू देत नव्हते, एवढंच नेमकं त्या लेखात नसतं.

असा एक गृहस्थ मला गेल्या वर्षी बेळगावातल्या एका पोहण्याच्या तलावावर भेटला. आम्ही काही जण तिथे स्कुबा डायव्हिंग शिकायला येत होतो. म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायचं आणि तिथे श्वास घेत राहायचं. शिकवणारा तरुण कोकणपट्टीतला. दर रविवारी सगळं सामान गाडीत घालून घाट चढून यायचा, आणि तलावातलं शिक्षण पुरं झालं की आम्हाला मालवणकडच्या समुद्रात उतरवणार होता.

बेळगावात राहून स्कुबा शिकते म्हटल्यावर लोकांनी काय काय ऐकवलं! मी कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. तिथले एक सहकारी म्हणाले, "मॅडम, येळ्ळूर रोडला समुद्र आलाय वाटतं." स्टाफरूम खदखदून हसली. काशीला निघालेल्या माणसाला कुणी विचारतं का, तुमच्या गल्लीत गंगा आहे का म्हणून? पन्नाशीला टेकलेल्या बाईनं काही शिकायला घेतलं की मात्र प्रत्येकाला तिची काळजी वाटू लागते. वीस-बावीस वर्षं मी पाण्याचा दाब फळ्यावर खडूनं काढत आले. एकदा तो स्वतःच्या कानांना लागावा असं मला वाटलं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी हवी असं मला वाटलं नाही.

मात्र या विद्येत एकट्यानं पाण्यात जायचं नसतं. जोडीदार लागतो. तुमची हवा संपली तर तो त्याची देतो, तुमच्याकडे लक्ष ठेवतो, तुम्ही त्याच्याकडे ठेवता. जोडीदार म्हटल्यावर मला दुसरं कुणी सुचलंच नाही. मी निपाणीला अण्णाला फोन केला. माझा थोरला भाऊ, बँकेत अधिकारी, निवृत्तीला थोडा अवकाश. पाण्याचं नाव काढलं की त्याचा चेहरा अजून उजळतो. "येतो की," म्हणाला. "पर म्हाताऱ्याला घेतील व्हय गं?" डॉक्टरांनी दोघांनाही तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि तो दर रविवारी सकाळच्या गाडीनं निपाणीहून यायला लागला.

पहिला दिवस सामानाची ओळख करून घेण्यात गेला. पाठीवरच्या टाकीला सगळं जग ऑक्सिजनची टाकी म्हणतं. विज्ञानाचे पदवीधरसुद्धा म्हणतात, तेव्हा मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. ऑक्सिजन नव्हे हो, साधी हवा! तुम्ही-आम्ही घेतो तीच, दाबून भरलेली. ती दाबलेली हवा आपल्याला सोसेल अशा बेतानं, आपण ओढू तेव्हाच देणारं यंत्र म्हणजे रेग्युलेटर. तो दातांत धरायचा, आणि श्वास तोंडानंच घ्यायचा, तोंडानंच सोडायचा. अंगात हवेचं जाकीट असतं. त्यात हवा भरली की माणूस वर सरकतो, सोडली की खाली. कमरेला शिशाची वजनं बांधतात, कारण माणूस मुळात तरंगतो आणि अंगावरचा रबरी पोशाख त्याहून जास्त तरंगतो. डोळ्यांवरच्या मास्कमध्ये नाकही झाकलेलं असतं. खाली जाताना कान दुखू लागले की नाक मास्कवरूनच चिमटीत धरून हळूच आत फुंकर घालायची, की कान मोकळे होतात. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायची, म्हणजे वाफ धरत नाही. हे ऐकून अण्णानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

मग शिक्षकानं पहिला नियम सांगितला. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही.

तो नियम मला नवा नव्हता, कारण त्यामागचं शास्त्र मी दरवर्षी शिकवते. कोकणातून आणलेल्या चिवड्याची पाकिटं आंबोलीचा घाट चढून बेळगावात येईस्तोवर टम्म फुगतात, हे आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. वरचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते. पाण्यात तेच, पण कितीतरी जोरानं. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे टाकीतून छातीभर हवा घेतली आणि तोंड मिटून वर आलात, तर ती हवा वर येईतो दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस काही पाकीट नव्हे, ते फाटतं. पुरुषभर पाण्यातसुद्धा फाटू शकतं. विहिरीत बुडी मारणाऱ्याला हे भय नसतं, कारण त्यानं श्वास वरून नेलेला असतो. खाली गेल्यावर तो आकसतो, वर आल्यावर पुन्हा होता तेवढा होतो. टाकीवाल्यानं मात्र श्वास चालूच ठेवायचा, आणि रेग्युलेटर तोंडातून निसटला तर 'आ' म्हणत बारीक बुडबुड्यांची धार सोडत राहायची. वर येतानाही सावकाश, आपल्या लहानात लहान बुडबुड्याच्या पुढे न जाता यायचं.

इतकी साधी गोष्ट, आणि किनाऱ्यावर सुट्टीतल्या गर्दीला टाकी लावून पाण्यात ढकलणारे काही महाभाग ती सांगतसुद्धा नाहीत! मघाच्या त्याच सहकाऱ्यांनी दिवाळीत असलं स्कुबा 'केलं' होतं. त्यांना एवढंच सांगितलं होतं, की अंगठा वर म्हणजे वर जायचं, बोटांचा गोल म्हणजे सगळं ठीक. शिवाय सोमवारी कॉलेज म्हणून गडी त्याच संध्याकाळी घाट चढून घरी आला. डुबकीनंतर अंगात विरघळलेली हवा बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून लगेच उंचावर जायचं नसतं. बेळगाव समुद्रापासून चांगलं उंच आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांना काही झालं नाही म्हणून त्यांचंच बरोबर ठरलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. तलावाच्या उथळ भागात गुडघ्यांवर बसून आम्ही एक साधा धडा गिरवत होतो. रेग्युलेटर तोंडातून काढायचा, सोडून द्यायचा, हात मागून फिरवून पुन्हा शोधायचा आणि तोंडात घालायचा. तेवढ्या वेळात तोंडातून बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत. मला जमलं. त्या विहिरीवाल्या गृहस्थालाही जमलं. अण्णानं रेग्युलेटर काढला आणि त्याचे ओठ घट्ट मिटले. एक बुडबुडा नाही. तो शांत बसला होता, डोळे उघडे, हात मांडीवर. शिक्षकानं खूण केली, पुन्हा केली. अण्णा हलला नाही. शेवटी शिक्षकानंच रेग्युलेटर त्याच्या तोंडात दिला.

पुढच्या रविवारी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. पाण्याबाहेर विचारलं की अण्णा नियम घडाघडा म्हणून दाखवायचा. पाण्यात गेला की तोंड बंद.

शेवटी शिक्षक वैतागला. सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, विहिरीत शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं. श्वास रोखण्याची फुशारकी. यापेक्षा ज्याला पोहता येत नाही तो परवडला." त्यावर तो गृहस्थ खुशीत हसला आणि म्हणाला, "अहो, विहिरीची मजाच वेगळी! आमच्या मळ्यातल्या विहिरीत आम्ही दुपार दुपार डुंबायचो. तुमच्या गावालाही असेल की, साहेब."

अण्णा टॉवेलनं डोकं पुसत राहिला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"होती," मी म्हणाले. "गावाला विहीर होती. आम्हाला नव्हती."

आणि मग मी ते सगळं बोलले, जे आम्ही घरात एकमेकांशीही कधी बोललो नव्हतो. आम्ही बौद्ध. निपाणीच्या अलीकडच्या एका खेड्यात, गावाच्या कडेला आमची वस्ती. प्यायला वस्तीत बोअर होती, पोहायला काही नव्हतं. जवळच एका बड्या शेतकऱ्याची बांधीव विहीर होती, आत दगडी पायऱ्या, काठावर जांभळाचं झाड. गावची पोरं तिच्यात दिवसभर धुडगूस घालायची. आमच्या पोरांनी काठावरही उभं राहायचं नाही. अण्णा उन्हाच्या टिपेला, गाव जेवून कलंडलं की तिच्यात उतरायचा. मी काठावर जांभळाच्या बुंध्याआड बसून राखण करायची. कुणी येताना दिसलं की ओरडायचं नाही, पाण्यात एक ढेकूळ टाकायचं. ते पडलं की अण्णा बुडी मारून कपारीखाली जाऊन बसायचा.

एकदा मालक आला. मी ढेकूळ टाकलं आणि बांधाच्या पलीकडे पालथी पडले. मालक काठावर आला, वाकला आणि पाण्याकडं बघत राहिला. कपारीपाशी बुडबुडे वर येत होते. त्यानं ते पाहिले. अण्णाला बाहेर काढून त्याच्या ओल्या पाठीवर मोटरीच्या पट्ट्यानं मारलं. मग वस्तीतून आमच्या वडलांना बोलावून घेतलं आणि त्यांना तिथेच हात जोडून उभं केलं. विहीर बाटली म्हणून दिवसभर मोटर लावून उपसायला लावली. ते सगळं पाणी त्याच्या उसाला गेलं. ऊस बाटला नाही. त्या उसाचा गूळही बाटला नाही, बाजारात चांगला गेला. आम्ही तेवढे बाटवणारे! इतकी वर्षं झाली, मी शिकले, शिकवते, घर बांधलं, तरी तो उसाचा हिशोब मी विसरलेले नाही, आणि विसरावा असं मला वाटतही नाही.

अण्णा त्यानंतरही त्या विहिरीत उतरला. उन्हाळा होता, आणि त्याचा पाण्याचा नाद सुटत नव्हता. फक्त त्यानं एक गोष्ट शिकून घेतली, बुडबुडा सोडायचा नाही. तोंड मिटून, एक फुगा वर न जाऊ देता, माणूस काठावरून निघून जाईपर्यंत कपारीखाली बसायचं. वस्तीतल्या सगळ्या पोरांना त्यानं ते शिकवलं. पुढे पुढे त्यांचा तो खेळच झाला, ज्याचा बुडबुडा दिसला तो बाद. अण्णा कधी बाद झाला नाही. धाकट्या पोरांना तो खेळ कुठून आला हेसुद्धा माहीत नव्हतं.

"तेव्हा ही फुशारकी नव्हे," मी शिक्षकाला म्हणाले. "आणि साहेब, मजा तर मुळीच नव्हे."

तो गृहस्थ 'आता तसं कुठं राहिलंय' असं काहीतरी पुटपुटून कपडे बदलायला गेला. हे वाक्य तर मला पाठ आहे. ते म्हणणाऱ्याला आधी तसं होतं हे कबूल करायचं नसतं, म्हणून तो घाईनं 'आता'वर येतो. शिक्षक बराच वेळ सामान आवरत राहिला. मग अण्णाजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "सर, मी चुकीचं बोललो. पण नियम मला बदलता येणार नाही. पुढच्या रविवारी बुडबुडे आले नाहीत, तर मी तुम्हाला समुद्रात नेणार नाही. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे." माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुमचं सगळं झालंय. तुम्हाला दुसरा जोडीदार देऊ शकतो."

"मला दुसरा नको," मी म्हणाले.

बसस्टँडवर अण्णा निपाणीच्या गाडीची वाट बघत उभा होता. त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "तोंड उघडतच न्हाय गं. कळतंय सगळं. पर आतनं कुणीतरी दाबून धरल्यागत हुतंय." मी म्हणाले, "बादलीत तोंड घालून सराव कर." तो हसला. मला वाटलं होतं, विसरेल. पण बुधवारी वहिनीचा फोन आला. "अगं, ह्यास्नी झालंय तरी काय? बँकेतनं आलं की न्हाणीत बादलीपुढं गुडघं टेकून बसत्यात आन् 'आ आ' करत्यात. शेजारची विचारायला लागल्यात, दात दुखतोय काय म्हणून!" मी हसले, आणि फोन ठेवून रडले.

त्या रविवारी अण्णानं रेग्युलेटर काढला. आधी काहीच झालं नाही. मग ओठांच्या कोपऱ्यातून एक बुडबुडा निघाला, मागून दुसरा, मग बारीक धार. शिक्षकानं तेच त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं, सगळ्यांची घरी जायची वेळ टळेपर्यंत. शेवटी तो म्हणाला, "चला समुद्रावर. पण मी तुमच्या हाताच्या अंतरावर असणार." त्याची खात्री पटली नव्हती हे मला दिसत होतं. माझीही नव्हती.

मालवणला आम्ही आदल्या दिवशीच उतरलो. सकाळी होडीतून निघालो, तिच्या काठावर बसून पाठमोरे पाण्यात पडलो. खालच्या जगाचं वर्णन मी करणार नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगते, की कानांना दाब लागला, मी नाक चिमटीत धरून फुंकर घातली, आणि फळ्यावर काढत आलेला दाबाचा बाण इतक्या वर्षांनी मला खरा वाटला. अण्णा माझ्या शेजारी तरंगत होता. त्याचे बुडबुडे ठराविक लयीत वर जात होते. मी मासे कमी आणि ते बुडबुडेच जास्त पाहिले.

शिक्षकानं अंगठा वर केला. आम्ही सावकाश वर निघालो. पाणी उजळत गेलं, होडीचं बूड दिसायला लागलं. आणि होडीच्या काठावरून एक माणूस वाकला. पाण्याकडं बघत राहिला. खालून नुसतं काळं डोकं दिसत होतं, आणि खांदे.

अण्णाचे बुडबुडे थांबले.

रेग्युलेटर तोंडातच होता. छाती भरलेली होती. तो वर वर चालला होता आणि त्याची नजर त्या डोक्यावर खिळली होती. शिक्षकानं झटकन हात टाकून त्याचं जाकीट धरलं आणि त्याला तिथेच अडवलं. मी त्याच्यासमोर आले, मास्कला मास्क लागेल इतकी जवळ, आणि रेग्युलेटरमध्येच जिवाच्या आकांतानं ओरडले, "आऽऽऽ!" माझ्या तोंडून बुडबुड्यांचा लोंढा सुटला आणि आमच्या दोघांच्या मधून वर गेला. लहानपणी मी त्याला लपायची खूण करायची. न लपायची खूण मला याहून दुसरी माहीत नव्हती. अण्णानं माझ्याकडं पाहिलं. मग त्याची छाती खाली बसली आणि त्याच्या तोंडून असे बुडबुडे फुटले, की मला त्याचा चेहराच दिसेना.

आम्ही पाण्यावर आलो. अण्णा खोकत होता, पण बरा होता. शिक्षकानं त्याला खोल श्वास घ्यायला लावले, छातीत दुखतंय का ते पुन्हा पुन्हा विचारलं. दुखत नव्हतं. होडीवरचा तो माणूस, म्हणजे आमचा म्हातारा होडीवाला, अजून वाकलेलाच होता. त्यानं अण्णाला हात देऊन वर ओढलं.

"काय बघत हुता वाकून?" अण्णानं त्याला विचारलं. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

होडीवाला गोंधळला. "तुमचे बुडबुडे बघी होतंय," तो म्हणाला. "खाली माणूस खंय आसा, ता त्येच्यावरनाच कळता. मधीच बंद झाले, तेवां घाबारलंय मी."

अण्णा फळीवर बसून राहिला. टाकी उतरवायचंही त्याला सुचलं नाही. पाण्यावरून वाकून बघणाऱ्या माणसाला आपण जिवंत असायला हवे आहोत, हे त्याला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मला पुन्हा त्या मालकाचा संताप आला, पुरवणीतल्या लेखांचा आला, स्टाफरूमचा आला, आणि डोळ्यांत खारं पाणी समुद्राचं की माझं ते मी पुसून बघितलं नाही.

त्या दिवशी दुसरी डुबकी होती. अण्णाला होडीतच बसून राहा म्हणून शिक्षकानं बजावलं. मीही त्याच्याजवळच बसून राहिले. बाकीचे खाली गेले, पाण्यावर त्यांच्या बुडबुड्यांचे झुबके फुटत राहिले, आणि अण्णा होडीवाल्याच्या शेजारी वाकून ते बघत राहिला.

"पुढच्या खेपेला परत येतो," तो मला म्हणाला. "माझं बुडबुडं दिसलं न्हवं मघाशी?"

"लई दिसलं, अण्णा. लांबनं दिसलं असतील."

"दिसू देत," अण्णा म्हणाला.